रोज एक भागाकार

गुलबर्ग्यात मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्नाचं तर नावच काढलं नाही. फाटकाशी लावलेल्या माझ्या स्कूटीकडे टक लावून बघत राहिल्या. मला वाटलं, गाडी आत लावू देणार नाहीत. तेवढ्यात म्हणाल्या, "सत्तेचाळीस त्रेपन्न. ब्येस हाय."

"काय?"

"तुझ्या गाडीचा नंबर गं. दोन हजार चारशे एक्क्याण्णव. सत्तेचाळीस गुणिले त्रेपन्न. दोनच तुकडे, आन् दोन्ही जवळजवळचे. भांडकुदळ बाईची गाडी न्हाई ही. ये, खोली दाखवते."

मी दहावीला गणितात काठावर पास झालेली बाई. नंबरप्लेटवरून स्वभाव सांगणारी घरमालकीण बघून मी आल्या पावली परत जायला पाहिजे होतं. पण खोली हवेशीर होती, आणि बोलता बोलता कळलं की त्या माझ्याच गावच्या, कमठाण्याच्या. "आधी सांगायचं न्हाई का!" म्हणून त्यांनी मला आत ओढलंच. चार वर्षं राहिले मी तिथं. आता बदली होऊन बिदरला आलेय, पण अजून पुढच्या गाडीचा नंबर दिसला की फोडायला बघते. जमत नाही, ते सोडा.

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. बुटक्या, कपाळाला विभूती, जाड भिंगांचा चष्मा आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. शिक्षण सातवी. शंभरापर्यंतचे पाढे मात्र पाठ, आणि पाठ म्हणजे झोपेतून उठवून विचारलं तरी. यजमान डाळमिलमध्ये होते, ते वारले. दोन्ही मुलं बेंगळुरूला, दर रविवारी फोन करायची. अक्का त्यांना तब्येतीचं विचारायच्या नाहीत. "आज तारीख एकोणतीस हाय, लक्षात हाय न्हवं? गणंग हाय आज!" असं ओरडायच्या. पलीकडून मुलं म्हणायची, "व्हय अव्वा."

हा गणंग शब्द तुम्हाला ठाऊक असेल. डाळ कितीही शिजवा, एखादा दाणा टणकच राहतो, तो गणंग. अक्कांच्या भाषेत जो आकडा कुठल्याच आकड्यानं भागत नाही, फक्त एकानं आणि स्वतःनं भागतो, तो गणंग. ही भाषा त्यांची आणि त्यांच्या धाकट्या बहिणीची. लहानपणी कमठाण्याला दोघी तूर निवडायला बसायच्या आणि खेळ म्हणून दाण्यांच्या ओळी पाडायच्या. बारा दाणे घेतले तर तीन ओळी चार-चारच्या पडतात. तेरा घेतले तर पडतच नाहीत, एक दाणा उरतो नाही तर कमी पडतो. मग तेरा गणंग. ज्या वयात मी भातुकली खेळत होते त्या वयात या दोघी शे-दोनशे दाण्यांच्या ओळी पाडून एकमेकींना हरवत होत्या.

एकदा मला फुशारकी मारायची हुक्की आली. म्हटलं, "अक्का, एक्क्याण्णव गणंग हाय."

अक्कांनी माझ्याकडे अशी दया आल्यासारखी नजर टाकली की बस. "तेरा साती एक्क्याण्णव. लई लबाड आकडा हाय तो. वरून गणंग दिसतोय, आतून फुटका." तेव्हापासून मला त्यांच्या शिव्यांचा अर्थ लागला. टीव्हीवर कुणी पांढऱ्या कपड्यातला माणूस हात जोडून बोलायला लागला की त्या म्हणायच्या, "हा बी एक्क्याण्णव हाय."

आता त्या लग्नाचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

धाकटी बहीण हुमनाबादला दिलेली. हायवेला त्यांचं टायरचं दुकान, मागं घर. तिच्या मुलीचं लग्न होतं आणि अक्का मला सोबत घेऊन गेल्या. मांडवात मुलीच्या पाठवणीच्या बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, मांडलेल्या, त्यात बुंदीचे लाडू. धाकटी मोठ्या कौतुकानं विहीणबाईंना सांगत होती, "मोजून तीनशे तेवीस घातलेत. ह्या आकड्याला कुणीच भागू शकत न्हाई. माझी पोरगी आन् तुमचा लेक तसेच राहतील, कुणाला वेगळं करता यायचं न्हाई." विहीणबाईंचे डोळे पाणावले. खरंच किती गोड विचार, मला पण भरून आलं.

आणि आमच्या अक्का, तोंडात चित्रान्नाचा घास, उभ्या राहिल्या. "अगं ये! तीनशे तेवीस फुटतोय की! सतरा एकोणीस!"

मी त्यांचा पदर ओढला. त्या काय ऐकतात! त्यांना वाटलं आपण बहिणीला मदतच करतोय. तरातरा बुट्टीपाशी गेल्या, "सहा लाडू काढले की झालं, तीनशे सतरा गणंग हाय," म्हणत सगळ्यांदेखत सहा लाडू उचलले आणि दोन माझ्या हातात कोंबले. विहीणबाईंचं तोंड एवढंसं झालं. मुलीकडचे मुलाकडच्यांकडे बघायला लागले. धाकटी रडत आत निघून गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

"मी काय खोटं बोलले का?" बसमध्ये अक्का मला विचारत होत्या. "फुटत व्हता, फुटतोय म्हणले. त्यात रडायचं कामून?"

"अक्का, एकदा चुकले म्हणून टाका की."

"चुकले? मी? सतरा एकोणीस तीनशे तेवीसच व्हतंय." संपला विषय.

सात-आठ दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. ना खाली सही, ना वर श्री. एक आकडा आणि दोन ओळी. आकडा होता सहा कोटी सत्तावीस लाख त्र्याहत्तर हजार नऊशे तेरा. खाली लिहिलं होतं: "हा फोड. फुटला तर दोन्ही तुकडे घेऊन माझ्या दारात ये. गणंग निघाला तर येऊ नको."

अक्कांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! बहिणीनं संबंध तोडल्याचं पत्र आलंय आणि या बाई भिंतीला टेकून आकड्याकडे नव्या नवरीसारख्या बघतायत. "६२७७३९१३," दहा वेळा म्हणाल्या. "आकड्यांची बेरीज अडतीस, म्हंजे तिनानं जात न्हाई. पण जाईल, कशानं तरी जाईल. ती मला बोलवायली गं! बोलवायचं नसतं तर आकडा कशाला दिली असती?"

मी लगेच फोन काढला. म्हटलं, "थांबा, ह्यात आत्ता कळतंय."

अक्कांनी माझा हात धरला. चांगला दाबून धरला. "यंत्र लावायचं न्हाई. आमचा लहानपणापासूनचा नेम हाय. ती तिकडं यंत्र लावत न्हाई, मी इकडं लावत न्हाई. आन् तू बी बघायचं न्हाईस. शपथ घे."

मी शपथ घेतली. पुढं काय झालं ते सांगतेच.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. अंघोळ, लिंगपूजा, मग पाटीवर एक भागाकार, मग चहा. रोज एकच. एका भागाकारानं दिवस उजाडायचा, मग तो दिवस गौरीचा असो की ग्रहणाचा. अक्कांकडे लग्नानंतर केलेली एक जाड वही होती. तिच्यात दोन आणि तीनापासून दहा हजारांपर्यंतचे विषम आकडे ओळीनं लिहून, फुटणारे सगळे खोडून, गणंग तेवढे शाबूत ठेवलेले. दोघी बहिणींनी आपापल्या सासरी आपापली वही केली होती. त्यातला एकेक गणंग घ्यायचा, त्यानं त्या मोठ्या आकड्याला भागायचं, बाकी राहिली तर ती पेन्सिलीनं पुढं लिहायची आणि पाटी पुसायची.

पहिल्या दिवशी त्यांनी दोननं भागलं. मी हसले. "अक्का, शेवटी तीन हाय. दोननं कसा जाईल?"

"विचारल्याबिगर कसं म्हणायचं न्हाई जात म्हणून?" आणि तो पूर्ण भागाकार मांडला, एक बाकी आली, चहा टाकला. पाचाचंही तसंच. सातानं भागलं तर सहा उरले, अकरानं चार, तेरानं सात. मी म्हणायची, "अक्का, दिवसाला दहा करा की! कधी व्हायचं हे?"

"तू म्हयन्याचं जेवण एका दिवशी जेवतीस का?"

मी कप विसळायला घेतले.

मधे एकदा त्यांना डेंग्यू झाला. दवाखान्यात उजव्या हाताला सलाईन. नर्सनं पाटी काढून घेतली तर यांनी तोंडी भागाकार सुरू केला. डोळे मिटून आकडे सांगतायत, मी केसपेपरच्या मागं लिहितेय, आणि शेजारच्या खाटांवरची माणसं कान देऊन ऐकतायत. बाकी उरली तेव्हा सगळा वॉर्ड हळहळला. तिसऱ्या दिवशी नर्सच दारातून विचारत आली, "आज गेला का हो अक्का?"

पण मला त्यांचं हसू येईनासं झालं ते एका संक्रांतीला. धाकटीची आठवण काढत त्या तीळ भाजत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "गणंग निघाला तर गं? तिनं मुद्दाम गणंग दिला असंल तर? म्हंजे मग यायचंच न्हाई, असं झालं."

"तसं करतील का त्या?"

"राग आला की ती काय बी करते. माझीच बहीण हाय."

त्यांच्या हातातलं उलथनं थांबलं होतं, तीळ करपायला लागले होते. एवढी आकड्यांना न भिणारी बाई, पण त्या दिवशी भ्याली होती. मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या माती तपासणीच्या ऑफिसात मातीचे नमुने वाळत घातले आणि गुपचूप फोनवर तो आकडा टाकला.

काय सांगू तुम्हाला! एका पानावर त्या आकड्याची सगळी कुंडली होती. विषम आहे, अमुक आहे, तमुक आहे, आणि फुटतो! ७९१९ गुणिले ७९२७. दोनच तुकडे, दोन्ही गणंग. मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. साहेब म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, माती चांगली निघाली."

त्याच्याखाली आणखी एक गंमत होती. ७९१९ हा हजारावा गणंग. म्हणजे अक्का रोज एक करत गेल्या तर बरोब्बर हजाराव्या दिवशी आकडा फुटणार! मी कॅलेंडर घेऊन मोजलं. बुधवार येत होता, जवळजवळ दोन वर्षांनंतरचा.

दोन वर्षं मी ही गोष्ट पोटात ठेवली. माझ्यासारख्या बाईनं, जिच्या पोटात काल केलेली भाजी राहत नाही! अक्का रोज सकाळी पाटी पुसताना "आज बी न्हाई," म्हणायच्या आणि मी तोंड फिरवून चहा गाळायची. सांगून टाकावं तर शपथ मोडल्याचं कळणार, आणि त्याहून वाईट म्हणजे बहिणीच्या दारात जायचा त्यांचा रस्ता मी माझ्या फोननं नासवणार. गप्प बसले. पण मनातल्या मनात रोज एक दिवस कमी करत होते. नऊशे ओलांडले तेव्हा मला झोप लागेनाशी झाली. अक्का मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. वहीतले उरलेले गणंग त्यांनाही दिसत होते.

बुधवार उजाडला. मी रजा टाकली होती. आदल्या दिवशीच धारवाडी पेढे आणून डब्यात लपवून ठेवले होते, नवी साडी नेसले होते. अक्कांनी पूजा केली, पाटी घेतली. मी समोर बसले. मोठा भागाकार, खडूचा आवाज. मी फक्त शेवटची ओळ बघायला थांबलेली. तिथं शून्य येणार, मी पेढा पुढं करणार!

आले ७९०९.

"बारानं हुकलं," अक्का म्हणाल्या. "बारा आणखी असते तर गेला असता." खडू डबीत ठेवला. मग म्हणाल्या, "संपलं."

"संपलं म्हंजे? वहीत पुढं आहेत की!"

"पुढं बघायचं कारण न्हाई. ओळी पाडताना एक बाजू मोठी धरली की दुसरी लहान व्हती. ह्याच्या पुढची बाजू धरायची तर दुसरी मागचीच पडणार, आन् मागच्या सगळ्या बघून झाल्या." त्यांनी पाटी पुसली नाही. पहिल्यांदाच पुसली नाही. "गणंग दिलीन गं मला. येऊच नको म्हणून दिलीन."

माझी काय अवस्था झाली असेल बघा. हातात पेढ्यांचा डबा, अंगावर नवी साडी, आणि डोकं पार बधिर! फोन खोटा की अक्का खोट्या? खोलीत जाऊन मी पुन्हा फोन बघितला. तेच. फोनवर भरवसा नको म्हणून माती तपासणीच्या फॉर्मच्या पाठीवर हातानं गुणाकार केला, चारदा चुकला, पाचव्यांदा आला. ६२७७३९१३. म्हणजे चूक अक्कांची. पण अक्का चुकतील कशा? आणि आजच्या भागाकारात चूक असली, तरी चारदा गुणाकार चुकणाऱ्या मला ती दिसणार कशी? पाटी तर अक्कांनी उशाशी नेऊन पालथी घातलेली!

गुरुवारी अक्कांनी चूल पेटवली नाही. शुक्रवारी फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत होत्या, पण एकाही नंबरला काही बोलल्या नाहीत. ते बघून मला रडूच आलं. शनिवारी सकाळी त्यांनी ती जाड वही माझ्या हातात दिली. "रद्दीत टाक. मला काय करायची हाय आता?"

मी खोलीत नेऊन बुधवारचं पान उघडलं. ७९०७, पुढं पेन्सिलीनं बाकी २४०. त्याच्यानंतरचा शाबूत आकडा ७९२१, बाकी ७९०९. आणि दोघांच्या मधल्या खोडलेल्या आकड्यांत शेवटचा, शाईची आडवी रेघ मारलेला, ७९१९!

म्हणजे चूक इथं होती. आज नाही, चाळीस वर्षांपूर्वी, नवी नवरी असताना वही करतानाच रेघ एक घर अलीकडं पडली होती. खोडायचा होता ७९२१ आणि खोडला गेला ७९१९. गणंग गेला खोड्यात आणि फुटका बसला त्याच्या जागी, साळसूद. मोजदाद बरोबर हजारच, म्हणून कधी संशयच आला नाही.

बरं, ७९२१ फुटका म्हणजे कितीनं? त्यालाही फोन लागला मला, लाज कशाला लपवू. उत्तर बघितलं आणि वही घेऊन धावतच खाली गेले. अक्का कट्ट्यावर सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या.

"अक्का, एकोणनव्वद एकोणनव्वद किती?"

"सात हजार नऊशे एकवीस," त्या मान वर न करता म्हणाल्या.

आणि त्यांचा हात सुपातच थांबला.

हळूच मान वर केली. माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "अय्यय्यो," म्हणाल्या, एवढ्या बारीक आवाजात की मला फक्त ओठ दिसले. मग सूप बाजूला सारून तीरासारख्या उठल्या. "पाटी! पाटी आण! आजचा भागाकार राहिलाय माझा!"

पाटीवर बुधवारचाच भागाकार होता. तो पुसला. ७९१९ मांडला. मी शेजारी उभी, उत्तर ठाऊक असूनही एकेक आकडा पुटपुटत होते. सात... नऊ... दोन... सात. शेवटच्या ओळीखाली अक्कांनी रेघ मारली आणि शून्य काढलं. केवढं शून्य! पाटीभर! खडू मोडला. त्या हसत होत्या आणि चष्म्याच्या खालून पाणी गळत होतं, आणि मी तर मोठमोठ्यानं रडतच होते. शेजारच्या बाया काय झालं म्हणून भिंतीवरून डोकावल्या. अक्का ओरडल्या, "फुटला! फुटला गं! मला बोलावलंय!"

तासाभरात आम्ही हुमनाबादच्या बसमध्ये. डब्यात चार दिवसांचे पेढे. अक्का खिडकीशी पुटपुटत होत्या, "एकोणीस, सत्तावीस. एकोणीस, सत्तावीस." कमलापूर मागं पडलं असेल, त्यांनी एकदम माझ्या मांडीवर अशी थाप मारली की मी किंचाळलेच.

"मधला तेवीस! सात हजार नऊशे तेवीस! हा इकडं चार कमी, तो तिकडं चार जास्त! अगं म्हंजे आकड्यात नुसते सोळा दाणे टाकले की पुरा चौकोन व्हतोय, चारी बाजू सारख्या! आधी सोळा टाकायचे, मग चार-चारचा तेवढाच कोपरा काढून घ्यायचा, झालं! पहिल्याच दिवशी चौकोन करून बघितला असता तर चहाच्या आधी फुटला असता!" त्या उभ्या राहिल्या. सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हजार दिवस! एका सकाळचं काम, हजार दिवस केले मी!"

"कुंद्रीऽ अव्वा, कुंद्री," कंडक्टर त्यांना खाली बसवत म्हणाला. अक्का बसल्या आणि पोट धरून हसत सुटल्या. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. छे! असा सुंदर आकडा आपल्या वाट्याला आला याचाच त्यांना आनंद.

हसू ओसरल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला कसं कळलं गं? खरं सांग."

मी सांगितलं. फोन, शपथ, सगळं.

"कवा बघितलीस?"

"संक्रांतीला. दोन वर्सं व्हायली."

अक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "दोन वर्सं माझ्यासमोर चहा गाळलीस आन् बोलली न्हाईस?" आणि पेढ्याचा डबा उघडून पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला.

हायवेवर उतरलो. टायरच्या दुकानामागचं दार उघडंच होतं. धाकटी उंबऱ्यात आली. अक्कांसारखीच बुटकी, तसाच चष्मा. अक्का दारापासून दोन हात अलीकडं थांबल्या, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशा.

"सात हजार नऊशे एकोणीस. सात हजार नऊशे सत्तावीस."

धाकटी हसली नाही, ये म्हणाली नाही. "बुधवारी यायची व्हतीस," म्हणाली.

"आँ?"

"हजारावा गणंग घेतले, त्याच्या पुढच्यानं गुणले. तू रोज एकच करणार, सरळ वाटंनं जाणार, मला ठाऊक न्हाई का? माझा राग जायला तेवढे दिस पुरे म्हणून मोजून दिले. पत्र पोचायला दोन दिस बी धरले." तिनं आत चुलीकडं बोट दाखवलं. "बुधवारी पुरणाच्या होळग्या करून बसले. गुरुवारी केले, शुक्रवारी केले. आज बी केलेत. रोज शेजाऱ्यांस्नी वाटायले. मला वाटलं, फुटला तरी येईना. तूच आता रागावलीस."

अक्का खाली बघत होत्या. "एक आकडा चुकले गं."

"काय?"

"वहीत. एकोणनव्वदचा वर्ग. फुटका असून गणंग धरले."

"तू?" धाकटीनं चष्मा वर केला. "काय केलीस म्हणलीस?"

"चुकले."

"ऐकू आलं न्हाई."

"चुकले म्हणले की! वहीत चुकले, आन् मांडवात बी चुकले. लाडवाला हात लावायचा नव्हता मी."

धाकटीनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, मला अजून सांगता येत नाही. मग दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी येऊन म्हणली असतीस, तर आकडा कशाला दिले असते मी?"